चावडीवरची यादी

महाडहून पोलादपुराकडे जाणारा रस्ता सावित्रीच्या खोऱ्यांतून डोंगराकडे चढत जातो. सखल भागांत भाताचीं खाचरें, आणि त्यांच्या वर, जेथें नांगर कसाबसा फिरतो तेथें, नाचणी व वरी यांचे वरकस उतार. या मुलखांतल्या शेतकऱ्याची जमीन थोडी, तिचे वांटेकरी अनेक, आणि घरांतला एखादा तरी पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या चाकरीवर. अशा गांवांतून चावडीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर अलीकडच्या वर्षांत अधूनमधून एक कागद डकविला जातो. त्या कागदावर दुसरें तिसरें कांहीं नसतें, नांवें असतात. सरकारनें ज्यांचें कर्ज माफ केलें, ज्यांच्या खात्यावर शेतीसाठीं मदत जमा केली, ज्यांच्या पिकाची नुकसानी भरून दिली, त्यांचीं नांवें.

तो कागद वाचावयास माणसें जमतात. कोणी आपलें नांव शोधतो, कोणी शेजाऱ्याचें. ज्याला आपलें नांव सांपडत नाहीं तो बोट लावून पुन्हां वरपासून वाचूं लागतो. दृश्य साधें आहे, परंतु त्याच्या पोटीं एक मोठा प्रश्न आहे. सार्वजनिक खजिन्यांतून शेतीला जें साह्य दिलें जातें, तें कोणाकोणाला मिळालें हें सर्वांना कळावें कीं कळूं नये? कळावें, तर कितपत कळावें? आणि ज्याचें नांव यादींत असावयास हवें होतें पण नाहीं, त्यानें कोणाच्या तोंडाकडे पाहावें? संगणकाच्या युगानें हा प्रश्न नव्यानें पुढें आणला हें खरें. तथापि महाड-पोलादपूरच्या खोऱ्यांत त्याचीं मुळें साडेतीनशें वर्षांइतकीं खोल गेलेलीं आहेत.

रायगड किल्ला महाड तालुक्यांतच उभा आहे. १६७४ सालीं तेथें शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. त्यानंतर दोन वर्षांनीं, ५ सप्टेंबर १६७६ रोजीं, दक्षिण कोंकणांतील प्रभावळी मामल्याचा सुभेदार रामाजी अनंत याला महाराजांकडून एक आज्ञापत्र गेलें. शेतीला राज्यानें साह्य कसें द्यावें याविषयींचा मराठींतला हा एक फार महत्त्वाचा कागद होय. त्याचा आशय असा, कीं सुभेदारानें गांवोगांव फिरावें. ज्या गांवीं जाईल तेथले कुणबी एकत्र जमवावे. कोणाजवळ माणूसबळ किती, बैल किती, दाणा किती हें पाहावें. ज्याच्या अंगीं शेत करण्याची ताकद आहे पण बैल-नांगर नाहीं, त्याला बैलासाठीं पैसा द्यावा. खाण्यास नसेल त्याला धान्य द्यावें. आणि दिल्याची वसुली व्याजावांचून, मुद्दलापुरतीच, त्याला बळ येईल तसतशी हळूहळू करावी. या कामीं दोन लाख लारींपर्यंत खर्च करण्याची मोकळीक त्या पत्रांत दिलेली आहे. लारी हें त्या काळीं कोंकणांत चालणारें चांदीचें नाणें. रयतेच्या क्षुल्लक वस्तूचाही लोभ धरूं नये, अशी ताकीदही सुभेदाराला त्याच पत्रांत आहे.

या पत्राची थोरवी त्यांतील उदारपणामुळें पुष्कळ सांगितली जाते आणि ती योग्यच आहे. परंतु त्यांतील पद्धतीकडे लक्ष कमी जातें. बैलासाठीं पैसा द्यावयाचा तो गांवांतले सगळे कुणबी जमवून, प्रत्येकाची स्थिति पाहून द्यावयाचा. कोणाच्या गोठ्यांत किती बैल आहेत हें गांवाला सांगावें लागत नाहीं. भरल्या सभेंत धडधाकट जोडी असणारा मनुष्य आपल्याला बैल नाहीं असें म्हणूं लागला, तर शेजाऱ्यांच्या डोळ्यांपुढें त्याला तें रेटतां येणें कठीण. आणि खरोखरच ज्याचा बैल मेला आहे त्याला वगळून पुढें जाणें सुभेदारालाही कठीण. यादी भिंतीवर लागत नव्हती, परंतु जमलेला गांव हीच यादीची तपासणी होती.

१८१८ च्या मे महिन्यांत रायगड इंग्रजांच्या हातीं गेला आणि कोंकणांत कंपनीचा अंमल स्थिर झाला. नव्या राजवटीनें मोजणी, आकारणी, दप्तर यांची शिस्त आणली. पण कोंकणांतल्या अनेक गांवीं सरकार आणि कूळ यांच्या मध्यें खोत उभा होता, तो तसाच राहिला. खोत हा गांवचा सारा सरकारांत भरण्याची हमी घेणारा वतनदार. सरकारला ठराविक रक्कम मिळाली कीं त्याचें समाधान होई. कुळाकडून काय घ्यावयाचें तें खोत घेई. भाताचा निम्मा वांटा देणारें कूळ तें अर्धेल, तिसरा हिस्सा देणारें तें तिर्धेल, हे शब्द त्या काळच्या व्यवहाराची साक्ष देतात. त्याशिवाय वेठ असे ती वेगळीच.

येथें मुख्य मुद्दा वांट्याच्या प्रमाणाचा नाहीं. पुस्तक कोणाच्या घरीं होतें, याचा आहे. कोणत्या कुळाकडे किती बाकी आहे, मागल्या सालीं किती दिलें, सुगी बुडाली तेव्हां किती सूट मिळाली, हें सर्व खोताच्या वहींत. कूळ बहुधा निरक्षर. वही पाहण्यास मागण्याचा धीर त्याला नाहीं, आणि पाहिली तरी वाचतां येणार नाहीं. दिल्याची पावती हातीं पडत नाहीं, ही कुळांची नित्याची तक्रार असे. अशा स्थितींत सरकारनें वरून एखादी सवलत दिली, तर ती खालपर्यंत उतरली कीं मधल्या ओसरीवरच जिरली, हें कळण्याचा मार्ग कोणता?

सरकारी साह्याचे कायदे त्या काळांतही झाले. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर, १८८३ सालीं जमीन सुधारणेच्या कर्जाचा आणि १८८४ सालीं बी-बैलांसाठीं द्यावयाच्या कर्जाचा, असे दोन कायदे झाले. रयतेच्या तोंडीं या दोहोंचें नांव एकच राहिलें, तें म्हणजे तगाई. विहीर, बांध, ताल यांसाठीं एक तगाई. बियाणें आणि जनावरें यांसाठीं दुसरी. हेतु चांगला होता. पण तगाईला तारण लागे, आणि तारण म्हणजे मुख्यतः जमिनीवरचा हक्क. ज्याचा हक्क दप्तरांत नोंदलेला, त्याला कचेरीचें दार उघडें. जो खोताच्या मर्जीनें आज या खाचरांत आणि उद्यां त्या खाचरांत राबे, त्याच्या घामाची नोंद कोठेंच नव्हती. म्हणून त्याच्या गरजेचीही नोंद कोठें होत नसे. साह्य जमिनीला मिळतें, जमीन कसणाराला नव्हे, हा जो विसंवाद अजूनही पुष्कळ ठिकाणीं दिसतो, त्याचें बीज येथें आहे.

सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक हक्क यांचा संबंध काय, हा प्रश्न पुढें महाड शहरांत अगदीं निराळ्या निमित्तानें उभा राहिला. १९२३ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी खर्चानें बांधलेल्या किंवा चालविलेल्या पाणवठ्यांचा, विहिरींचा, धर्मशाळांचा उपयोग अस्पृश्य गणलेल्या वर्गांनाही मोकळेपणीं करतां यावा, असें त्या ठरावाचें तात्पर्य. १९२४ सालीं महाडच्या नगरपालिकेनेंही त्यास अनुसरून चवदार तळें सर्वांना खुलें असल्याचा ठराव केला. कागद पुरा झाला. पण तळ्याच्या पायऱ्या कांहीं मोकळ्या झाल्या नाहींत. त्या मोकळ्या करण्यासाठीं २० मार्च १९२७ रोजीं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांना हजारों अनुयायांसह तळ्यापर्यंत चालत जाऊन ओंजळभर पाणी प्यावें लागलें.

त्यानंतर जो दावा झाला तो या विषयाच्या दृष्टीनें विशेष लक्षांत ठेवण्याजोगा आहे. तळें सार्वजनिक नसून खासगी आहे, निदान त्यावर विशिष्ट वर्गाचाच परंपरेनें चालत आलेला हक्क आहे, असा वादींचा पवित्रा होता. न्यायालयांनीं तो मानला नाहीं. १९३७ च्या मार्चांत मुंबईच्या उच्च न्यायालयानेंही आंबेडकरांच्या बाजूनें निकाल दिला. म्हणजे महाडनें दोन धडे दिले. पहिला असा, कीं जी वस्तु सार्वजनिक पैशावर चालते तिच्याभोवतीं कोणी सहज ‘खासगी’ असें कुंपण घालूं शकत नाहीं. आणि दुसरा असा, कीं एखादी गोष्ट कागदावर खुली असणें आणि माणसाच्या पावलांना खुली असणें, यांत तीन वर्षांचें किंवा तीन पिढ्यांचेंही अंतर असूं शकतें.

त्याच १९३७ सालच्या १७ सप्टेंबर रोजीं आंबेडकरांनीं मुंबईच्या विधिमंडळांत खोती नाहींशी करण्याचें विधेयक मांडलें. या वेळेपर्यंत कुलाबा जिल्ह्यांतील वातावरण तापलेलें होतें. अलिबाग तालुक्यांतल्या चरी गांवीं १९३३ सालीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं कुळांनीं खोतांची शेतें न करण्याचा निर्धार केला होता आणि तो संप कित्येक वर्षें चालला. १९३८ च्या जानेवारींत कोंकणांतल्या शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईंत विधिमंडळावर गेला. विधेयक त्या वेळीं कायदा होऊं शकलें नाहीं. पण स्वातंत्र्यानंतर, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा झाला, आणि १९५० पासून तो अमलांत आला. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ यांनीं उरलेलें काम पुढें नेलें. खोताच्या ओसरीवरची वही बंद झाली आणि कुळाचें नांव तलाठ्याच्या दप्तरांत, सातबाराच्या उताऱ्यावर, उमटूं लागलें.

हें स्थित्यंतर फार मोठें होतें. सातबारा हा कोणालाही पैसे भरून मागतां येणारा कागद. शेतकऱ्यानें स्वतःचा घ्यावा, शेजाऱ्याचाही घ्यावा. जमिनीचा मालक कोण, पीक कोणतें, बोजा किती, हें खासगी गुपित उरलें नाहीं; कारण जमिनीवरचा हक्क राज्य राखतें, आणि तो हक्क उघड नोंदीवरच टिकतो. पण नोंद झाली म्हणून न्याय पुरा झाला, असेंही नव्हे. महाड-पोलादपूरच्या डोंगरांत एकेका सातबारावर भाऊबंदांचीं दहा-दहा, वीस-वीस नांवें असतात. त्यांतले कांहीं मुंबईंत, कांहीं निवर्तलेले, वारसाची नोंद राहिलेली. प्रत्यक्ष लावणी करणारी बाई गांवांत, आणि उताऱ्यावर नांव परळला गिरणींत गेलेल्या सासऱ्याचें. तोंडी कराराने दुसऱ्याचें शेत करणारा तर कोठेंच नाहीं. जेव्हां सरकारी साह्य उताऱ्याच्या आधारें वांटलें जातें, तेव्हां या सर्व जुन्या उणीवा त्याच्याबरोबर चालत येतात.

आतां अलीकडच्या याद्यांकडे वळावें. २००८ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें देशभर शेतकरी कर्जमाफी जाहीर केली. अल्पभूधारकांना संपूर्ण माफी, इतरांना रकमेचा चौथा हिस्सा सूट, अशी तिची मांडणी होती. आणि पात्र शेतकऱ्यांच्या याद्या बँकांनीं आपल्या शाखांतून लावाव्या असा नियम होता. पुढें २०१३ च्या मार्चांत भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा तपासणी अहवाल संसदेपुढें आला. माफी मिळालेलीं ८०,२९९ खातीं तपासलीं, तेव्हां त्यांपैकीं शेंकडा साडेआठ खातीं अपात्रांचीं निघालीं. त्यावर देशभर गहजब झाला. परंतु त्याच अहवालांतला दुसरा आंकडा फारसा कोणाच्या कानांत राहिला नाहीं. माफीच्या यादींत नसलेलीं ९,३३४ खातीं पाहिलीं, तेव्हां १,२५७ खातीं, म्हणजे शेंकडा तेरांहून अधिक, अशा शेतकऱ्यांचीं निघालीं, कीं जे पात्र असून वगळले गेले होते.

या दोन आंकड्यांत सगळ्या विषयाचें मर्म आहे. यादींत नको असलेलें नांव शिरलें, तर तें निदान दिसतें; कोणी तरी बोट ठेवून म्हणूं शकतो, कीं हा गृहस्थ शेतकरी नव्हे. पण जें नांव यादींतच नाहीं तें दिसावयाचें कसें? राजधानींत बसलेल्या हिशेबनिसाला यादी पाहून गाळलेला मनुष्य कधींही सांपडणार नाहीं. तो सांपडतो तो फक्त गांवाला. कारण गांवालाच ठाऊक असतें, कीं वरच्या वाडींतल्या अमक्या विधवेचेंही त्याच सोसायटींत तेवढेंच कर्ज होतें. महालेखापरीक्षकांची तपासणी पांच वर्षांनीं झाली. चावडीवर ती पांच मिनिटांत होऊं शकते, जर यादी वेळेवर वाचली गेली तर.

महाराष्ट्रांत असा एक प्रयत्न झाला. २०१७ च्या जूनमध्यें राज्य सरकारनें दीड लाख रुपयांपर्यंतची कर्जमाफी जाहीर केली आणि तिला छत्रपति शिवाजी महाराजांचें नांव दिलें. अर्ज संगणकावर भरावयाचे होते. ते भरून झाल्यावर अर्जदारांच्या याद्यांचें गांवोगांव ‘चावडी वाचन’ करावें असें ठरलें. भरल्या गांवांत नांवें मोठ्यानें वाचावयाचीं, आणि कोणाचा आक्षेप असल्यास तो तेथेंच नोंदवावयाचा. १६७६ च्या पत्रांतली जमवाजमव ती हीच. फक्त सुभेदाराच्या जागीं शासनाचे कर्मचारी आले. २०१९ च्या डिसेंबरांत महात्मा जोतीराव फुले यांच्या नांवानें दोन लाखांपर्यंतची दुसरी कर्जमुक्ति आली. तींत अर्जाची यातायात काढून टाकली. बँकांच्या नोंदींवरून याद्या तयार झाल्या, पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० रोजीं लागली, आणि प्रत्येक खात्याला एक विशिष्ट क्रमांक देऊन शेतकऱ्यानें आधारच्या साह्यानें आपली ओळख पटवावी अशी व्यवस्था झाली. काम झपाट्यानें झालें हें खरें. परंतु ज्या खात्याची नोंद बँकेनेंच पाठविली नाहीं, त्याच्या धन्याला आपण कोठें गळलों हें विचारण्यासाठीं पुन्हां कचेऱ्यांच्या पायऱ्या चढणेंच नशिबीं होतें.

केंद्राची ‘किसान सन्मान निधि’ ही योजना २०१९ च्या फेब्रुवारींत सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत, थेट खात्यावर. २०२३ पासून राज्यानेंही तितकीच भर घातली. येथेंही पाया जमिनीच्या नोंदीचाच. नोंदींत नांव नसलेल्या कुळाला तींत जागा नाहीं. प्राप्तिकर भरणारे आणि बहुतेक सरकारी नोकर या योजनेंतून वगळलेले आहेत. तरी २०२१ च्या आरंभीं, माहितीच्या अधिकाराखालीं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतांना केंद्रीय कृषि मंत्रालयानें सांगितलें, कीं २० लाख ४८ हजार अपात्र व्यक्तींच्या खात्यांवर १,३६४ कोटि रुपये गेले. त्यांत निम्म्याहून अधिक प्राप्तिकर भरणारे होते, आणि अशा अपात्रांची संख्या ज्या राज्यांत मोठी होती त्यांत महाराष्ट्र होता. एका नागरिकानें विचारलें म्हणून देशाला हें कळलें, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं.

विचारण्याचा हा हक्कही आपोआप आलेला नाहीं. महाराष्ट्रानें २००२ सालीं आपला माहितीचा कायदा केला. १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा कायदा लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमांत एक पोटकलम मुद्दाम अनुदानांविषयीं आहे. अनुदानाच्या योजना कशा राबविल्या, किती रक्कम दिली आणि लाभ कोणाला झाला, हें प्रत्येक सरकारी खात्यानें, कोणी विचारण्याची वाट न पाहतां, स्वतःहून प्रसिद्ध केलें पाहिजे, असें तें सांगतें. म्हणजे यादी लावणें ही मेहेरबानी नसून कर्तव्य आहे.

याला दुसरी बाजूही आहे, आणि ती हलकी लेखतां येणार नाहीं. कर्जमाफीच्या यादींत नांव येणें म्हणजे आपण थकबाकीदार होतों हें गांवापुढें येणें. ज्यानें मुलीच्या लग्नाला शब्द दिला आहे, ज्याची अब्रू हेंच ज्याचें भांडवल आहे, त्याला हा उजेड बोंचतो. युरोपांतही हा वाद न्यायालयापर्यंत गेला. तेथें शेतीच्या अनुदानावर संघाच्या खजिन्यांतून प्रचंड रक्कम खर्च होते, आणि घेणारांचीं नांवें व रकमा प्रसिद्ध करण्याचा नियम होता. जर्मनींतल्या हेसन प्रांतांतील शेतकऱ्यांनीं त्याविरुद्ध दाद मागितली. ९ नोव्हेंबर २०१० रोजीं युरोपीय न्यायालयानें निर्णय दिला, कीं लहान-मोठा असा भेद न करतां सर्वच व्यक्तींचीं नांवें सरसकट उघड करणें प्रमाणाबाहेरचें आहे. २०१३ सालीं नवा नियम झाला तो तडजोडीचा. नांवें पुन्हां प्रसिद्ध होऊं लागलीं, परंतु फार लहान रक्कम, जास्तींत जास्त १,२५० युरोपर्यंतची, घेणाऱ्या शेतकऱ्याचें नांव झांकून ठेवण्यांत आलें. अमेरिकेंत २००१ सालीं एका संस्थेनें घेणारांची यादी सर्वांसाठीं खुली केली, तेव्हां मदतीचा मोठा ओघ थोड्या बड्या शेतमालकांकडे जातो हें सामान्य माणसाला प्रथमच नांवानिशीं दिसलें.

भारतांतही ‘वैयक्तिक माहिती’ हा शब्द आतां वजनदार झाला आहे. २००५ च्या कायद्यांत अशी माहिती नाकारतांना तिचा सार्वजनिक कार्याशीं संबंध आहे कीं नाहीं, हें पाहण्याचें बंधन त्याच वाक्यांत होतें. २०२३ सालीं झालेल्या माहिती-संरक्षणाच्या कायद्यानें तें वाक्य आंखूड केलें. अनुदानाच्या याद्यांविषयींचें चौथें कलम मात्र कायम आहे, आणि लोकहित मोठें असेल तेथें माहिती द्यावी हें तत्त्वही कायद्यांत आहे. पण एखाद्या कचेरीला यादी दडवावयाचीच असेल, तर ‘खासगी’ हा शब्द आतां पूर्वीपेक्षां सुलभ झाला आहे. महाडकरांना हा शब्द परिचित आहे. तळ्याच्या दाव्यांत तो एकदां ऐकलेला आहे.

यांतून मार्ग काढणें मानतात तितकें अवघड नाहीं. माणसाचें खासगी काय आणि खजिन्याचें काय, यांची वांटणी करावी. खातें क्रमांक, आधार क्रमांक, घरांतलें आजारपण, सावकाराचें देणें हें माणसाचें. त्याची वाच्यता होतां कामा नये, आणि आधार क्रमांक उघड करण्यास तर कायद्यानेंच बंदी आहे. परंतु कोणत्या गांवांत, कोणत्या नांवावर, कोणत्या योजनेखालीं, किती रक्कम पडली, ही खजिन्याची गोष्ट. ती उघड असली पाहिजे. आणि त्याबरोबर एक दुसरी यादी हवी, जी बहुधा लागत नाहीं: ज्यांचे अर्ज नामंजूर झाले त्यांचे क्रमांक, आणि प्रत्येकापुढें नामंजुरीचें कारण. पहिल्या यादीनें लबाडीला आळा बसेल. दुसऱ्या यादीनें अन्यायाला वाचा फुटेल.

हा केवळ तत्त्वाचा प्रश्न नव्हे, हें या खोऱ्यानें लागोपाठ दोन पावसाळ्यांत पाहिलें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यावर आदळलें. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्री व गांधारी यांच्या पुरानें महाड बुडालें. त्याच दिवशीं महाड तालुक्यांतल्या तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं, आणि पोलादपूर तालुक्यांतही दरडींनीं बळी घेतले. अशा वेळीं तलाठी, ग्रामसेवक व कृषि सहायक मिळून पंचनामे करतात आणि त्यांवरून याद्या होतात. ज्याच्या खाचरावर दगडगोटे येऊन पडले, त्याला उतारा शोधण्याचें भान नसतें; उतारा असला तर वारस-नोंद नसते. त्या घटकेला गांवानें म्हणावयाचें, कीं हें शेत अमक्याच्या सुनेनें केलेलें आहे, हें आम्हीं पाहिलें आहे. असें म्हणण्यास वाव असेल, तर यादी सुधारते. निकाल लागून, रक्कम वांटून, वर्षानें यादी लागली, तर ती वाचून हळहळण्यापलीकडे कोणाच्या हातीं कांहीं राहत नाहीं.

साडेतीनशें वर्षांत पुस्तकाची जागा पुष्कळदां बदलली. तें कधीं सुभेदाराच्या हातीं होतें, कधीं खोताच्या ओसरीवर, मग तलाठ्याच्या सज्जांत. आतां तें संगणकांत आहे, आणि मुंबईंत नोकरीला असलेला महाडचा चाकरमानी तेथूनही आपल्या गांवची यादी उघडूं शकतो. परंतु पुस्तक जवळ आलें म्हणून वाचन झालें असें होत नाहीं. ज्या गांवांत नांवें मोठ्यानें वाचलीं जातात, आक्षेपाला चार दिवस मिळतात आणि आक्षेपाचें उत्तर लेखी येतें, त्या गांवांत सरकारी साह्य हें दान न राहतां हक्क होतें. बाकीच्या गांवांत यादी हा भिंतीवरचा कागद असतो. पहिल्या सरीबरोबर त्यावरची शाई उतरते. आणि भिंतीपुढें बोट लावून पुन्हां वरपासून वाचणारा तो एक मनुष्य तेथेंच उभा राहतो. त्याला त्याचें नांव कां नाहीं हें सांगणारें कोणी तरी तेथें असावें, इतकेंच त्याचें मागणें आहे.